नव्या मशीनचा पहिला माणूस

"विचारलं तेवढंच सांगावं, पोरी. उरलेलं पोटात ठेवावं."

स्वारगेटजवळच्या स्कॅन सेंटरमध्ये चैताली मशीन चालवायला आली, त्या पहिल्याच दिवशी उत्तरेश्वरकाकांनी तिला हे ऐकवलं होतं. काका मूळचे बार्शीकडचे. सत्तावीस वर्षं ते पेशंटला टेबलावर झोपवायचं काम करत होते. मशीनपाशी धातू चालत नाही, तेव्हा बायकांच्या पायाच्या बोटांत रुतलेली जोडवी खोबरेल लावून अलगद सोडवावीत ती त्यांनीच. बाहेर पडणारा जो तो त्यांनाच गाठायचा, "काय निघालं हो?" काका म्हणायचे, "फोटो निघाला."

त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी पाठ दुखते म्हणून एक माणूस आला. फोटोत पाठीचं काहीच नव्हतं, भलतंच काही दिसलं. आत कानावर पडलेलं काकांनी मायेपोटी त्याला सांगून टाकलं. तो जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून काकांचं तोंड मिटलं. घरीसुद्धा. वासंतीकाकू आधी विचारायच्या, मग थांबल्या.

यंदा नवं एमआरआय मशीन आलं. पेशंट घेण्याआधी कुणातरी धडधाकट माणसाला आत झोपवून चित्रं नीट येतात का ते बघतात. माणूस हलला की चित्र बिघडतं. काकांएवढं स्थिर कोण पडणार? "मढ्यासारखा पडतो बघ," म्हणत ते हसतच टेबलावर चढले.

चैतालीने काचेपलीकडून मशीन सुरू केलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्या पडद्यावर उमटू लागल्या, पानं झडलेल्या बाभळीच्या फांद्यांसारख्या. सुरेख चित्र होतं. आणि एका फांदीवर, जिथं काही असायला नको, तिथं भिजल्या हरभऱ्याएवढा फुगा.

तिने मशीन थांबवलं नाही. मशीनच्या ठोक्यांच्या आवाजात काका आत तसेच पडून होते, निर्धास्त. सेंटरचे आमोद डॉक्टर आले आणि वाकून बराच वेळ बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले की हा वर्षानुवर्षं गप्प राहील, नाहीतर आज संध्याकाळीच फुटेल. मेंदूच्या डॉक्टरांकडे आजच जायला हवं.

काका बाहेर आले ते चैतालीच्या तोंडाकडे बघतच.

"चित्र बरं आलं ना?"

"बरं आलं, काका."

विचारलं होतं ते एवढंच. पण उरलेलं तिच्या पोटात मावेना.

"तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते," ती म्हणाली, आणि तिने सांगितलं. डॉक्टरांनीही सांगितलं, चिठ्ठी लिहिली, सोबत माणूस देतो म्हणाले.

काका शर्टाची बटणं लावत होते. खालपासून वरपर्यंत, एकही न चुकवता.

"आज घरी जातो. वासंतीने विचारलं, तर सांगेन. नाहीतर राहिलं."

डॉक्टर रागावले, त्यांनी हात धरला. रडणाऱ्या नातेवाइकाचा हात सोडवावा तसा काकांनी तो हळूच सोडवून घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाती दिलं ते फोटोचं पाकीट आज स्वतःच्या काखेत मारलं आणि ते जिन्याकडे वळले.

चैतालीने रजिस्टर उघडून त्यांच्या घरचा नंबर लावला.

"वासंतीकाकू, काका निघालेत. आले की त्यांना विचारा."

"काय विचारू?"

"दिवस कसा गेला, एवढंच. पण ते सांगेपर्यंत विचारत राहा."

पलीकडून काकूंचा बारीक आवाज आला. "कितीतरी वर्षं झाली गं विचारून. आता जमेल का मला?"

चैताली फोन कानाला धरून खिडकीशी आली. जिना उतरायला काकांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. ती मनात पायऱ्या मोजत थांबली. अखेर ते खाली दिसले. डोक्यावर भरली घागर असावी तसे, मान न हलवता, एकेक पाऊल टाकत ते वारजेच्या बसकडे निघाले. गर्दी त्यांना धक्के देत पुढे जात होती. ते दिसेनासे होईतो ती काचेआडून बघत राहिली.