बिनआवाजाची गाडी

जंगलाला त्रास नको म्हणून जंगलाच्या कडेच्या गावाने इथे गुरं चारणं सोडलं आणि पर्यटकांच्या पैशातून बॅटरीवर चालणारी सफारीची गाडी घेतली. तिच्यातून आम्ही वाघ बघायला निघालो होतो, चाकांखालची वाळकी पानं तेवढी वाजत होती. तोच माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी गाडीचा पत्रा बडवला. "ऊठ रे वाघोबा, पैसे भरलेत!" मागची मंडळी फिदीफिदी हसली. मला शिसारी आली. स्वच्छ सारवलेल्या अंगणात कुणी पचकन थुंकावं, तसं वाटलं. गाडीचा आवाज बंद करता येतो. माणसाचा कसा करायचा?

तेवढ्यात झाडीतून चितळ भेदरून ओरडलं. सगळ्यांनी कॅमेरे सरसावले.

"वाघ आला ना?" गृहस्थांनी विचारलं.

आमच्या गाइड सुनीताताई त्याच गावच्या. मागे वळूनही न बघता म्हणाल्या, "वाघ नाही जी. आपल्यालेच पाहून ओरडून राहिलं ते."