आण्णांनी काढून टाकलेला पत्ता

डायलिसिसच्या वेळी एक हात मशीनला अडकलेला असतो आणि उरलेल्या एका हाताने रमीचे पत्ते पिसता येत नाहीत. आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, खरं दुखणं हेच असावं असं त्यांच्या तोंडाकडे बघून वाटायचं. देगलूरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेला, रविवारी डाव मांडल्याशिवाय न जेवणारा माणूस नांदेडच्या दवाखान्यात छताकडे बघत पडलेला. म्हणून मी लातूरहून येताना कॉलेजातला माझा पत्त्यांचा डबा आणला. हे पत्ते वेगळे. त्यांत राक्षस, जादूगार, योद्धे. आपला संच आपणच एकेक पत्ता विकत घेऊन जुळवायचा आणि समोरच्याचे प्राण संपवायचे.

"ह्यात स्वस्तातलं काय हाय?" आण्णांनी विचारलं. दवाखान्यामुळे आम्हाला तीच सवय लागली होती.

"व्हॅम्पायर. रक्तपिपासू."

नळीतून फिरणाऱ्या स्वतःच्या रक्ताकडे बघून ते इतके हसले की सिस्टर ओरडली.

भारीतले पत्ते परवडणारे नव्हतेच. जुन्या मित्रांकडे पडून असलेले किरकोळ व्हॅम्पायर मागवले. अंगाने लहान, पण आल्या आल्या धावून जाणारे. आण्णांची खोड मात्र रमीची, पत्ता दाबून ठेवायचा. शेजारच्या पेशंटचा मुलगा माझ्या जुन्या पत्त्यांनी समोरून खेळायचा. मी आण्णांच्या पोटावर उशी ठेवून पत्ते उभे करायची आणि ओरडायची, "आण्णा, वाट बघू नका, टाका! उसंत दिली की आपण मेलो." हळूहळू ते शिकले. फक्त एक पत्ता ते कधीच टाकायचे नाहीत. त्यावर एक म्हातारा व्हॅम्पायर होता. आपल्याच बाजूचं एखादं पिल्लू त्याला खाऊ घातलं की आपले प्राण वाढायचे. आमच्या गरीब संचात तोच एक खरा कामाचा. आण्णा डाव हरायचे, पण त्याला हात लावायचे नाहीत.

आणि इकडे माझी किडनी त्यांना जुळत होती. नवऱ्याची ना नव्हती. ना होती ती आण्णांची. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. लातूरला माझ्याकडे आले तरी पाण्याची बाटली देगलूरहून भरून आणायचे. गणिताचा मास्तर! मला संताप यायचा. किडनीचा विषय काढला की डोळे मिटून घ्यायचे.

एक दिवस त्यांनी तो म्हातारा संचातून काढला आणि माझ्या हातात दिला. "हे नगं आपल्याला, माय."

"मग आपण जिंकणार कसे?"

"न्हाई जिंकलं तर न्हाई. लेकराला खाऊन म्हातारा जगून राहिला, ह्याला खेळ म्हणायचं का?"

"आण्णा, मी पत्त्यांचं बोलत नाहीये."

"मी बी न्हाई."

त्यानंतर मी खूप भांडले, पाया पडले, अबोला धरला. उन्हाळा संपायच्या आत ते गेले. तेराव्याला आलेली माणसं म्हणाली, नशीबवान, लेकीला त्रास दिला नाही. मला तो त्रास हवा होता, हे कुणाला सांगायचं?

परवा ऑफिसच्या तपासणीत डॉक्टरांनी रिपोर्ट बघून मान डोलावली. म्हणाले, तुमच्या दोन्ही किडन्या अगदी ठणठणीत आहेत. लोक ऐकून खूश होत असतील. मी तिथेच खुर्चीत रडायला लागले.