तात निवडायला दोन माणसं लागतात

सरिता वहिनींचं नाव आधी लिहितो. त्या नसत्या तर वामनकाकांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे विहारातल्या स्मरणविधीच्या दिवशी काकांचं वाद्य भिंतीला टेकून मुकं उभं राहिलं असतं, आणि मी त्याच्याकडे पाठ करून चहाचे कप गोळा करत बसलो असतो. वहिनी म्हणजे काकांची सून. माहेर धमतरीकडचं. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत.

काका गेले ते ऐन उन्हाळ्यात. मी उरल्याच्या कारखान्यांकडे, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर होतो. आत मोबाईल नेता येत नाही. सुटून गेटवर आलो तर प्रकाशभाऊंचे, म्हणजे काकांच्या मुलाचे, कितीतरी मिस्ड कॉल. उलटा फोन लावायची हिंमत होईना. लावला. ते म्हणाले, "बाबा गेले रे..." मी तिथूनच घराकडे निघालो.

आठवीत शाळा सोडून मी वणीकडून इकडे हिंदी मुलखात आलो. गुढियारी वस्तीत काकांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहायला लागलो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी स्वभावाने घाबरट. नवीन शहर, नवीन बोली, कोणी 'कहाँ का है रे' विचारलं की मी रस्ता बदलायचो. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. रेल्वेच्या जुन्या क्लबात एके काळी बँड होता. तो मोडला तेव्हा तिथला डबल बास त्यांनी हातगाडीवर घालून घरी आणला. व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यांत मोठं, माणसाहून उंच, खर्जाचं वाद्य. घरात त्याला सगळे म्हैस म्हणत. दार अडतं, झाडताना सरकवावी लागते, आणि आवाजही तसाच. भीमगीतांच्या कार्यक्रमात काका मागे उभं राहून ती वाजवायचे. गाणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष. म्हैस थांबली की मात्र गाणं एकदम पोकळ वाटायचं.

या म्हशीला स्टीलच्या तारा चालत नाहीत. लाकूड म्हातारं, तारांच्या ओढीने पोट खचेल, म्हणून आतड्याची तात. खालच्या दोन जाड ताती तार गुंडाळलेल्या येतात, वरच्या दोन मात्र साध्या, उघड्या. काका त्या कलकत्त्याहून मागवत आणि मग निवडायला बसत. हे काम एकट्याचं नाही. एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने ताणून छेडायची. तात सरळ असेल तर हलताना दोन स्वच्छ रेघा दिसतात, मधे पोकळी, सूत कातायच्या चातीसारखी फुगलेली. मधेच तिसरी रेघ थरथरली की ती तात बाद. कितीही जुळवा, ती बेसूरच राहणार. नंतर जोडी लावायची. धरणाऱ्याच्या दोन्ही हातांत एकेक टोक देऊन काका दोन्ही ताती आपापल्या सुरांवर घुमेपर्यंत ओढत आणि विचारत, "कसं वाटून राहिलं?"

"ठीक आहे, काका."

"ठीक म्हणजे का? भाजी आहे का? दोन्ही हात सारखे ओढून राहिले का, ते सांग."

मग मी घाबरत सांगायचो, उजवा जड आहे, डावा ढिला आहे. काका ती तात बाजूला ठेवत. मला वाटायचं, माझं मन राखतात. निवडणारे तेच, मी नुसती खुंटी.

काका गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी घर माणसांनी भरलेलं असताना आतल्या खोलीत फाट् असा आवाज झाला. म्हशीची वरून दुसरी तात तुटली होती. कोणीतरी हळूच म्हणालं, "आत्मा..." तशी काकांची थोरली बहीण, शांताआत्या, पदर सावरत म्हणाली, "आत्मा-बित्मा काही नसते. बाबासाहेबांनं एवढं सांगतलं ते काहून? कूलर बंद, खोली तापली, उन्हानं तुटली." रडणारी माणसंही हसली. काका असते तर हेच बोलले असते.

पुण्यानुमोदनाला म्हैस वाजलीच पाहिजे, हे मी तिथेच ठरवलं; थोडीफार वाजवायला काकांनीच मला शिकवलं होतं. प्रकाशभाऊ म्हणाले, "स्टीलची तार टाक अन् मोकळा हो. नाहीतर राहू दे." त्यांचंही खरं होतं; त्यांच्या डोक्यावर शंभर कामं. पण ज्या पोटाला काकांनी इतकी वर्षं जपलं, ते त्यांच्याच कार्यक्रमात मी खचवणार नव्हतो. काकांच्या कपाटात तेल लावलेल्या फडक्यात ताती होत्या. काढल्या, आणि तशाच हातात धरून उभा राहिलो. निवडणारा गेलेला, आणि धरणाऱ्यालाही आता धरणारा नाही.

वहिनी कणकेचे हात पुसत दारात आल्या. "क्या खड़े हो भैया? भैंस की रस्सी किधर से पकड़नी है, बताओ."

पहिली तात पांढरीशुभ्र, दिसायला सगळ्यांत देखणी. छेडली. तिसरी रेघ. दुसरी स्वच्छ हलली. मग म्हशीवरची शाबूत तात उतरवून जोडीला घेतली, वहिनींच्या दोन हातांत दोन टोकं दिली आणि काकांसारखा ओढत विचारलं, "कसं वाटतं?"

वहिनींनी डोळे मिटले. "इधर वाला हाथ खाली-खाली लग रहा है. दम नहीं है इसमें."

मी तात बाजूला ठेवली. तशीच, जशी काका ठेवायचे. तेव्हा कळलं, काका माझं मन राखत नव्हते. ओढणाऱ्याला सूर कळतो. दोन हातांतला फरक धरणाऱ्यालाच कळतो. इतकी वर्षं अर्धी निवड मीच करत होतो... आणि ते मला एकदाही तसं बोलले नाहीत. बोलले असते तर मी घाबरून हात सोडला असता, हे त्यांना ठाऊक असणार.

पिवळसर, जराशी खरखरीत एक तात उरली होती. ओढली. वहिनींनी दोन्ही हात आळीपाळीने मागे ओढून पाहिले. मग म्हणाल्या, "हव. अब दोनों बराबर."

विहारात वंदना झाली, गाणी झाली. मी काकांच्या जागी उभा राहिलो. म्हैस सुरात वाजली. शांताआत्या शेवटपर्यंत मान डोलवत होती. म्हैस आता परत आतल्या खोलीत आहे. तिला सरकवल्याशिवाय अजूनही झाडता येत नाही, आणि सरकवताना प्रत्येक जण काकांनी हाक मारल्यासारखा थांबतो.

त्या दिवशी जेवणं आटोपल्यावर वहिनी विहाराच्या मागे भांडी मोजत होत्या. म्हणाल्या, "बजी क्या ठीक से? हमको तो इधर कढ़ाई के सामने कुछ सुनाई नहीं दिया." लग्न होऊन या घरात आल्यापासून प्रत्येक कार्यक्रमाला त्या मागेच, चुलीपाशी. समोरून त्यांनी म्हैस कधी ऐकलीच नाही. तेव्हा वहिनी, एवढं लिहून ठेवतो. एक दिवस भात-वरण मी सकाळीच करून ठेवीन, बिघडलं तर बिघडलं. तुम्हाला पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसवीन, आणि तुम्ही उठा म्हणेपर्यंत वाजवीन.