ओंगारचा तोफखाना

"तोफा उंच लागल्या," असं म्हणून काका एक डोळा मिटायचे आणि तळहात हळूहळू खाली आणायचे. कुणाचा चहा उतू गेला, कुणी नको तिथे शहाणपणा केला, पावसाचा अंदाज चुकला, निदान एकच.

काका म्हणजे इथे परदेशात, ओंगारमधल्या आमच्या शेजाऱ्याचे वडील. रत्नागिरीच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. २०२०च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी मुलाकडे आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. तेव्हापासून कुंपणापलीकडून ते मला आक्राची लढाई ऐकवत.

तुम्हालाही थोडक्यात सांगते. १८४० साली इंग्रजांचं आरमार भूमध्य समुद्रावरच्या आक्राच्या किल्ल्यावर चालून गेलं. पाण्यात तरंगणाऱ्या खुणांपाशी जहाजं थांबतील असं धरून किल्ल्यातल्यांनी तोफांचा नेम लावून ठेवला. जहाजं आली ती खुणांच्याही आत. सगळे गोळे वरून गेले आणि किल्ला पडला.

मुलगा दिवसभर वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, काका खाली. दोघांचं बोलणं जेवणाच्या ताटापुरतं. दिवाळी आली तेव्हा काकांना एवढंच हवं होतं, की मुलानं लहानपणासारखं आपल्याबरोबर किल्ला करायला बसावं. "आज नाही जमणार बाबा, कॉल आहे," हे त्यांनी चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी परसात एकटेच बसले.

सिंधुदुर्ग सगळेच करतात, म्हणून आक्रा. दुकानातल्या पोत्यातली माती चिकटेना, म्हणून त्यांनी तिच्यात चांगली चार वाट्या कणीक मळली. सकाळी मॅगपाय पक्ष्यांनी उत्तरेचा बुरूज खाऊन टाकला होता.

"शत्रू आकाशातूनही आला," काका म्हणाले आणि नवीन कणीक आणायला गेले.

मग घराच्या भिंतीशी कचऱ्याचे तीन डबे उभे राहिले, ते आरमार. किल्ल्यामागे उलट्या खुर्चीच्या पायांना पायजम्याचं इलॅस्टिक बांधलं, ती तोफ. गोळे बटाट्यांचे. पहिलाच बटाटा आरमारावरून गेला आणि मुलाच्या खिडकीवर आपटला.

खिडकी उघडली. "बाबा, काय चाललंय? मॅनेजर विचारतोय, आवाज कसला."

"इतिहासाला धरून आहे," काका म्हणाले. "त्यांचेही असेच वरून गेले. सांग त्याला."

त्यानं खरंच सांगितलं असावं. पाच मिनिटांनी तो खाली आला, वर इस्त्रीचा शर्ट, खाली रात्रीचा पायजमा. "म्हणाला, ग्रँड, म्हणजे काही हरकत नाही, जा खाली, किल्ला सांभाळ," एवढं बोलून कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. मग वाकून बघायला लागला. मग बसलाच.

"बाबा, ह्या बुरुजाला पायाच नाहीये."

काकांनी चिखलाचा गोळा त्याच्या हातात ठेवला. दोघं अंधार पडेपर्यंत त्या बुरुजावरून भांडत होते.

२०२१च्या ऑगस्टमध्ये काका रत्नागिरीला परतले. त्या दिवाळीत मुलगा माझ्या दारात उभा राहिला, हात कोपरापर्यंत मातीचे.

"ताई, दहा मिनिटं आहेत का? बाबा व्हिडिओवर आहेत. त्यांना किल्ल्याचा दरवाजा वाकडा दिसतोय आणि माझे हात हे असे. फोन धराल?"

मी धरला. दहा मिनिटांचा दीड तास झाला. "डावीकडे घे," काका रत्नागिरीहून म्हणत होते. "अहो बाबा, हीच डावी," हा म्हणत होता. मी तिथे उभी आहे हे दोघंही साफ विसरले होते. हात अवघडला, पण मी फोन हलू दिला नाही.