कंपनी पाहायचा कार्यक्रम

कॉलेज आणि कंपन्यांची सोयरीक जमवणं हे माझं काम. धुळ्याच्या एका एमबीए कॉलेजात मी प्लेसमेंट बघते. या कामात नोकऱ्या जमोत न जमोत, किस्से मात्र जमतात. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा मागून खुर्ची ओढून बसलेलाच असतो.

*

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका पाइप कंपनीशी आमचा करार झाला, त्या दिवसाचंच घ्या. शाल, नारळ, बुके, भाषणं. "आता इंडस्ट्री आणि कॅम्पस यांच्यात भिंतच उरली नाही!" असं आमचे डायरेक्टर म्हणाले. फोटो झाला, फ्रेम होऊन लॉबीत लागला. पुढे इंटर्नशिपची वेळ आली तेव्हा कळलं, फोटोच्या गडबडीत सह्या करायच्या राहूनच गेल्या होत्या. लग्नाचा अल्बम तयार आणि अक्षता बाकी!

*

सह्या झाल्यावर कंपनीचे एचआर मॅनेजर जोशी मॉक इंटरव्ह्यू घ्यायला आले. माणूस चांगला, पण सगळं पुण्याच्या मापाने मोजणारा. पिंपळनेरजवळच्या खेड्यातली कल्पना त्यांच्यासमोर बसली. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हटल्यावर तिने गाव सांगितलं, वडिलांचं, म्हणजे आबांचं, नाव सांगितलं, मामाचं गावही सांगितलं. आत्याच्या गावाला जोशींनी हात वर केला. "अगं, मी स्थळ बघायला नाही आलो!"

मग त्यांनी विचारलं, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?

"ते आबांना विचारावं लागेल, सर."

वर्ग हसला. मीही हसले. संध्याकाळी घरी जाताना मात्र ते उत्तर डोक्यातून जाईना. माझ्या इंटरव्ह्यूत माझं उत्तर तरी कुठे वेगळं होतं? मी ते इंग्रजीत झाकलं होतं, इतकंच.

*

कंपनीने पोरांना प्रोजेक्ट दिला. साक्री तालुक्यात फिरायचं आणि शेतकरी आपला नवा पाइप का घेत नाहीत ते विचारून यायचं. पोरं टाय लावून गेली. लोकांना वाटलं, वसुलीवाले आले. जो तो मळ्यात पसार झाला.

कल्पना एकटीच भरभरून माहिती घेऊन आली. तिला पहिला प्रश्न सगळीकडे एकच आला होता. "कोनी पोर शे तू?" म्हणजे, कुणाची मुलगी तू? मग तिने गाव सांगितलं, आबांचं नाव सांगितलं, मामाचं गाव सांगितलं. कुणाचा तरी मामेभाऊ निघाला, खाट टाकली गेली, आणि पाइप कुठे फुटतो इथपासून दुकानदार काय थापा मारतो इथपर्यंत सगळं बठ्ठं बाहेर आलं.

जोशींनी तिचा रिपोर्ट दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "तुझं ते टेल मी अबाउट युवरसेल्फ पुन्हा एकदा सांग. मला सेल्सच्या पोरांना शिकवायचंय."

*

तिला ऑफर आली. जळगावला नोकरी, राहायला कंपनीचं हॉस्टेल. तिच्या आनंदाला दोन दिवस पारावार नव्हता. तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. आबा नाही म्हणत नव्हते, पण हो सुद्धा म्हणत नव्हते. आधी घर पाहू, असं त्यांचं म्हणणं होतं.

"कुणाचं घर?" मी विचारलं.

"कंपनीचं."

मी जोशींना फोन केला. इतकी वर्षं आम्ही पोरं पाहत होतो, कंपनी पाहायला येणारं हे पहिलंच स्थळ, असं म्हणून ते खूप हसले. पण या म्हणाले.

आबा आले. पांढरी टोपी, सोबत शेजारचे नाना, मागे कल्पना आणि मी. आबांनी आधी हॉस्टेल पाहिलं, दाराच्या कड्या ओढून पाहिल्या, कॅन्टीनमधली भाजी पाहिली. मग जोशींच्या केबिनमध्ये बसून विचारलं, मागच्या साली किती पोरी घेतल्या आणि त्यातल्या आज किती आहेत. जोशींचं हसू मावळलं. दोघी सोडून गेल्या होत्या. का? उशिरा सुटल्यावर हॉस्टेलपर्यंत गाडी नव्हती.

"मंग मन्ही पोर कशी येई?"

पुढच्या महिन्यापासून गाडीचं बघू, असं जोशी म्हणाले. आबा खुर्चीत आणखी टेकून बसले. कराराच्या दिवशीची सगळी भाषणं मला आठवली. त्यात हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता, मलाही नाही. याची मला तिथे बसल्या बसल्या लाज वाटली. शेवटी जोशींनी फोन उचलला आणि आमच्यासमोरच सोमवारपासून गाडी लावायला सांगितलं.

मग चहा आला. नानांनी बशीत ओतून घेतला. आबांनी मात्र आपला कप हळूच पुढे सरकवून ठेवला. पाण्याचा ग्लासही तसाच.

जोशींचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे झुकून कुजबुजले, "मॅडम, म्हणजे नाहीच म्हणताहेत का?"

मी कल्पनाकडे पाहिलं. ती ओढणीने डोळे पुसत होती.

आबांनी टोपी नीट केली, उठले आणि जोशींना हात जोडले.

"राग मानू नका, साहेब. ज्या घरमा पोर दिधी, त्या घरनं पानी बाप पेत नही."