वढ्याच्या वळनाचं घर

"तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज काढू नका."

बावीस बायांसमोर मॅडम मला म्हणाल्या. आणि गाणं कुणाचं होतं? माझ्या आईचं.

मी पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत गेले. माझ्या जागी केतकी उभी राहिली. पेटीवर सूर धरला गेला आणि मी ओठ हलवले. माशासारखे.

तेव्हा मी वाळूजला एका कंपनीत पॅकिंगला होते. टेंपररी. बजाजनगरात दोघी मैत्रिणींसोबत एका खोलीत राहायची. मॅडम म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांच्या बायको. त्यांनी कंपनीतल्या आणि शहरातल्या ओळखीच्या बाया जमवून गाण्याचा गट काढला होता. दर रविवारी शहरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये सराव. कार्यक्रमाचा विषय होता 'घर'. प्रत्येकीनं आपल्या घरचं, आपल्या भाषेतलं गाणं आणायचं, ते सगळ्यांनी शिकायचं. एक बंगाली बाई होती, एक मल्याळी नर्स. शहागंजच्या सलमा आपा होत्या, शिवणकाम शिकवायच्या. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतर त्यांचे मामा कुटुंबासकट हैदराबादला गेले, त्या बंद घरावर त्यांच्या आईनं दखनीत गाणं जोडलं होतं. ते त्यांनी आणलं.

मी आईचं आणलं. आई खुरपताना म्हणायची.

घर माझं येशीभाईर, वढ्याच्या वळनाला
शिवू नको म्हनत्यात, गावच्या रांजनाला

पहिल्या दिवशी मी ते म्हणून दाखवलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा आपल्या मातीचा सूर आहे," म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये मी उभ्यानं आले, पण मला पाय दुखल्याचं कळलं नाही. खोटं कशाला सांगू? लई बरं वाटलं होतं.

पुढच्या रविवारी टाइप केलेले कागद वाटले. त्यावर असं होतं:

घर माझं गावामंदी, तुळस अंगणाला
दिवा लाविते सांजंला, फुलांच्या कुंपणाला

मी विचारलं, तर मॅडमनी समजावून सांगितलं की कार्यक्रम आनंदाचा आहे, लोकांना उगाच अवघडल्यासारखं होईल, चाल तर तीच आहे. मी बरं म्हणाले. साहेबांच्या बायको होत्या. माझं कायम व्हायचं पत्र साहेबांच्या सहीनं निघणार होतं. 

मग दोन रविवारांनी माझे उच्चार निघाले. 'ण'चा 'न' होतो म्हणे. सगळ्यांत उठून दिसतो. म्हणून केतकी पुढं आणि मी मागं.

केतकी मॅडमची भाची. सहा वर्षांची असल्यापासून गाणं शिकत होती, शिकवायला गुरुजी घरी यायचे. तिची आई प्रत्येक सरावाला कोमट पाण्याचा थर्मास घेऊन बसायची. माझ्याहून वर्षभरानं लहान. "अगं, तो हेल परत म्हणून दाखव ना," म्हणायची. मी दाखवायची. दुसऱ्या खेपेला तिच्या गळ्यात तो माझ्याहून गोड उतरायचा. माझ्या आईनं आयुष्यभर उन्हात बसून घडवलेला हेल. दोन खेपांत.

मी जळायचे. दुसरा शब्द नाही. तिचे स्वच्छ कान, तिची सरळ पाठ, तिचा थर्मास, सगळ्याचा हेवा. एका रविवारी ती खोकत आली, तर मला मनातल्या मनात आनंद झाला. त्याच दिवशी तिनं डब्यातला अर्धा शिरा मला दिला. ती वाईट असती तर सोपं गेलं असतं.

सलमा आपांचाही हेवा. बंगाली बाईचा, नर्सचाही. त्यांच्या गाण्यांतलं एक अक्षरही कुणी हलवलं नव्हतं. ज्या भाषा मॅडमना कळत नव्हत्या, त्यांची घरं शाबूत राहिली. माझी कळत होती.

कार्यक्रमाला आई आली. पाचोडहून एसटीनं, लग्नाकार्याला नेसायचं लुगडं नेसून. खुर्चीवर बसू का, असं तिनं मला विचारलं. मी तिला मधल्या रांगेत बसवलं.

आमचं गाणं आलं. केतकी सुरेख गायली, हे मी आजही नाकारत नाही. चाल ऐकताच आई पुढं सरकून बसली. मग तुळस आली. आईनं शेजारच्या बाईकडं बघितलं. मग स्वतःच्या कानाला हात लावला. तिला वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही.

ते मला सोसलं नाही. केतकीनं ती ओळ दुसऱ्यांदा उचलली आणि मी तोंड उघडलं.

घर माझं येशीभाईर.

मोठ्यानं. केतकी थांबली. तबला थांबला. सलमा आपा माझ्या पुढं होत्या, त्या एक पाऊल बाजूला झाल्या. आता मी लोकांना दिसत होते. रांजनापर्यंत दोन्ही ओळी म्हटल्या. आवाज फाटला होता. कुणी टाळी वाजवली नाही. मॅडमनी हसून पुढचं गाणं सांगितलं.

पडद्यामागं त्यांनी मला गाठलं. हसू गेलेलं.

"लोकगीत कुणा एकीच्या मालकीचं नसतं, कळलं?"

"सगळ्यांचं हाय ना मॅडम? मग येशीभाईरचं घर बी सगळ्यांनी आपलं म्हना."

 सरावाला यायचं नाही, हा निरोप दुसऱ्याच दिवशी आला. कायम व्हायचं पत्र आलंच नाही. माझ्यामागून लागलेल्या दोघी कायम झाल्या. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारायला गेले नाही. वर्षभरात ते काम सुटलं.

कार्यक्रम संपल्यावर आईला सोडायला मी स्टँडवर गेले. गाडीची वाट बघताना ती म्हणाली, "त्या पोरीचा गळा लई गोड हाय."

मी गाड्यांच्या पाट्या वाचत राहिले.

"आन् तुझा सूर चढला व्हता."

गाडी लागली, ती चढून बसली.

हेवा गेला नाही. केतकीचा गळा मला आजही हवा आहे. तिची रेडिओवर मुलाखत लागली की मी आवाज वाढवते आणि दातओठ खात ऐकते. पण एवढं कळलं की मी चुकीच्या माणसावर जळत होते. गळा तिचा होता. कात्री दुसऱ्या हातात होती. आणि त्या हाताला 'बरं' मी म्हणाले होते.

आता आईच्या ओव्या मी लिहून घेते. तिच्या तोंडून येतात तशाच, 'न'ला 'न' ठेवून. कार्यक्रमवाले येतात, मागतात, गोड बोलतात. मी एकच विचारते, सगळं म्हणणार का?

ते 'आधी बघू' म्हणाले, की मी वही मिटते.