टीव्हीपर्यंत न पोचणारा ब्रिज

आमच्या शिवऱ्याच्या घरात इंटरनेट आलं ते माझ्या नोकरीपायी. कंपनी पुण्याची, काम घरून. आधी काही महिने बघणार, मग कायम करणार, असं ठरलेलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या नावावर पगार येत होता, तेव्हा कायम व्हायचंच, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

माझा कॉम्प्युटर वायफायवर चालायचा. पडवीतल्या जुन्या टीव्हीला ते पकडता येईना. आमच्या ह्यांचं कापूरहोळला गॅरेज, वायरीबियरींत हात चांगला. त्यांनी माझ्या कॉम्प्युटरपासून टीव्हीपर्यंत वायर ओढली आणि वायफाय आणि वायर अशी दोन्ही कनेक्शनं जोडून ब्रिज केला. माझ्याकडचं नेट वायरीतून पुढं टीव्हीला. सासरे खूश. पण ब्रिज असला की माझं ऑफिसचं सॉफ्टवेअर उघडायलाच तयार नाही!

साहेबांनी फोनवर सांगितलं तसा मी ब्रिज डिलीट केला. सासऱ्यांना भीत भीत सांगितलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. म्या मोबाईलवर बघतो बैलांच्या शर्यती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिज परत हजर. उडवला. दोन-तीन दिवस गेले की पुन्हा आहेच. दर वेळी माझी सकाळची मीटिंग बुडायची. साहेब म्हणाले, "मॅडम, आणखी एकदा असं झालं तर कायम करणं अवघड आहे."

माझं डोकंच फिरलं. पहिला संशय सासऱ्यांवर. एवढं गोड बोलले म्हणजे पाणी मुरतंय, असं वाटलं. मग जाऊबाईंवर. मी दार लावून बसते आणि भाकरी त्यांना थापाव्या लागतात, राग असणारच. मी तर माउसला पीठ लागलंय का तेही बघितलं. हसू नका, संशय आला की माणूस काहीही बघतं.

शेवटी वायरीचा माग काढत टीव्हीमागं वाकले. वायरीचं टोक काढून, नीट गुंडाळून खिळ्याला अडकवलेलं, वर कोळिष्टक. म्हणजे टीव्हीला नेट जातच नव्हतं. मग ब्रिज कुणासाठी? कुणीतरी निव्वळ माझं काम अडवायला हे करत होतं.

मी कॉम्प्युटरला पासवर्ड घातला. सांगितला फक्त ह्यांना. नवऱ्यापासून काय लपवायचं? गॅरेजात येईल त्याला हेच तर छाती फुगवून सांगायचे, "आमची मंडळी कंपनीत हाय."

दोन दिवसांनी, रविवारी सहज उघडून बघते, तर ब्रिज.

संध्याकाळी हे अंगणात हाताचं ग्रीस धूत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"अहो, त्यो ब्रिज तुमीच करताय ना?"

"कसला ब्रिज?"

"पासवर्ड तुमच्याशिवाय कुणाला ठाव न्हाई."

हे साबण चोळत राहिले. मला इतका संताप आला की मी ओरडलेच, "तोंडावर नको म्हणायची धमक नव्हती व्हय? चोरावाणी माझ्या नोकरीच्या मुळावर उठलात?" जाऊबाई दारात आल्या आणि तशाच आत गेल्या.

हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी हे धूतच होते. मग खाली बघत म्हणाले, "कायम झालीस की पुण्याला बोलावत्याल. तितं खोली घेशील. मग हितं कशाला येशील परत?"

मी आत गेले, ब्रिज काढला, वायर मुळापासून ओढून काढली. पुढं कंपनीनं मला कायमही केलं.

पण खरं सांगते, त्या संध्याकाळपर्यंत पुण्यात खोली घ्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.